गावी रेंज कुणाची चांगली?

गणपतीची तिकिटं काढून झाली की या सदराकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या अक्षरांत येऊ लागतो: गावी कुठलं कार्ड चालेल? यंदा त्यातली चार पत्रं निवडली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलं, कारण त्यातली काळजी मुंबईतल्या पुष्कळ घरांत आहे.

प्रश्न : ताई, आम्ही लालबागला राहतो. सासू-सासरे राजापूर तालुक्यात गावी दोघंच असतात. आमची वाडी खालच्या अंगाला, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या कडेला. घर जांभ्या चिऱ्याचं. घरात फोन लागतच नाही, म्हणून सासरे रोज संध्याकाळी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर चढून आम्हाला फोन करतात. त्यांना हृदयाचा त्रास आहे. रात्री-अपरात्री काही झालं तर आम्हाला कळणार कसं? मुंबईत आमच्या कंपनीची रेंज उत्तम आहे, म्हणून त्यांनाही तेच कार्ड घेऊन दिलं होतं. दादरचा दुकानदार म्हणतो दुसऱ्या कंपनीचं घ्या, भाचा म्हणतो बीएसएनएल घ्या आणि मिस्टरांनी ऑनलाइन एक सिग्नल बूस्टर बघून ठेवला आहे. काय करावं? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : ताई, बूस्टर आधी मनातून काढून टाका. ऑनलाइन सहज मिळतो म्हणून तो वापरायला मोकळा आहे असं नाही. असा रिपीटर बसवायचा अधिकार फक्त परवाना असलेल्या मोबाईल कंपनीला आहे. घरात खासगी बसवणं हा गुन्हा आहे आणि दूरसंचार खात्याची माणसं यंत्र घेऊन तो हुडकून काढतात. मला त्याहून मोठं वाटतं ते दुसरं कारण. हे स्वस्त डबे फोनच्या सिग्नलबरोबर भोवतीचा गोंगाटही वाढवून टॉवरकडे फेकतात. मग लांबच्या फोनचा क्षीण आवाज टॉवरला ऐकू येईनासा होतो. तुमच्या पडवीत दोन काड्या वाढतील आणि शेजारच्या घरांतले फोन तुटायला लागतील.

आता कंपनीचं. मुंबईत चांगली चालते म्हणून राजापुरातही चालेल, असं धरून चालू नका. मोबाईल सेवेसाठी देशाचे 22 परवाना विभाग आहेत. मुंबई हा त्यातला एक स्वतंत्र विभाग. नवी मुंबई, ठाणे, कल्याण त्यातच येतात. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरा विभाग. एकाच कंपनीकडे या दोन विभागांत लहरींचे पट्टे वेगळे असू शकतात, टॉवरची दाटी तर वेगळी असतेच. लालबागला फोन किती छान लागतो यावरून गावचं काहीच ठरत नाही. दादरच्या दुकानदारालाही तुमच्या व्हाळाकाठचं ठाऊक असायचं कारण नाही.

मी नोकरीत असताना माझं काम हेच होतं: कोकणात आणि नगर-नाशिकच्या डोंगराळ भागात गाडीतून फिरून रेंज मोजायची आणि टॉवर कुठे हवा ते सुचवायचं. त्या कामात पहिल्यांदा शिकले ती गोष्ट तुमच्या वाडीला नेमकी लागू पडते. कोकणात टॉवर बहुतेक सड्यावर उभा करतात, कारण जागा मोकळी, उंच आणि रस्त्याला लागून असते. पण सड्याचा कडा संपला की खाली जी वाडी असते ती त्या टॉवरच्या सावलीत जाते. टॉवर डोक्यावर असतो, चालत दहा मिनिटांवर, आणि माजघरात एक काडीही नसते. याउलट व्हाळाच्या पलीकडे तीन-चार किलोमीटरवर समोरच्या डोंगरावर दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल आणि तुमच्या अंगणातून तो उघड्या डोळ्यांनी दिसत असेल, तर तो लांब असूनही घरात पोचतो. म्हणून वरच्या वाडीत ज्याची रेंज येते ते कार्ड खालच्या वाडीला चालेलच असं नाही. सासरे फोनसाठी सड्यावर चढतात म्हणजे त्या कंपनीचा टॉवर बहुधा सड्याच्या बाजूला आहे आणि घर त्याच्या आडोशाला आहे. तसं असेल तर तुम्हाला शोधायचा आहे तो समोरच्या बाजूचा टॉवर.

यात लहरींचाही भाग आहे. मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असली तर ढोल ऐकू येतो, झांज येत नाही. मोबाईलचंही तसंच आहे. 700, 850, 900 मेगाहर्ट्‌झच्या खालच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात. 1800 आणि 2300 च्या वरच्या लहरी भरपूर नेट वाहून नेतात पण लवकर दमतात. फोर-जीसाठी जिओची खालची लहर 850 ची, एअरटेल आणि व्हीआय यांची मुख्यतः 900 ची. बीएसएनएलचं नवं फोर-जी 700 आणि 2100 वर चालतं. देशी यंत्रणेवरचं हे बीएसएनएलचं जाळं सप्टेंबर 2025 मध्ये देशभरासाठी सुरू झालं, त्यामुळे तुमच्या भाच्याचा सल्ला दुर्लक्ष करण्यासारखा नाही. फक्त दोन गोष्टी बघा. तुमच्या गावच्या टॉवरवर ते फोर-जी खरोखर लागलं आहे का, आणि सासऱ्यांच्या फोनमध्ये बँड 28 आहे का. तो नसेल तर 700 च्या लहरींचा त्या फोनला काहीच उपयोग नाही. जिओच्या 850 साठी बँड 5 लागतो, 900 च्या फोर-जीसाठी बँड 8. फोनच्या मॉडेलच्या नावाने कंपनीच्या संकेतस्थळावर ही यादी मिळते. परदेशातून कुणी आणून दिलेला फोन असेल तर हे नक्की तपासा.

मग विचारायचं कुणाला? सगळ्यात आधी रेशन दुकानदाराला. त्याच्या ई-पॉस मशीनमध्ये सिम असतं आणि रेंज गेली की अंगठा लागत नाही, धान्य वाटता येत नाही, लोक दारात खोळंबतात. कुठलं कार्ड त्या गावात टिकतं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांनाही विचारा, त्यांना रोज फोनवरून माहिती भरायची असते आणि त्या वाडीवाडीत फिरतात. कंपन्यांच्या संकेतस्थळावरचे रेंजचे नकाशेही बघा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नव्या नियमांमुळे ते आता सगळ्यांना द्यावे लागतात. पण नकाशावर रंग आहे म्हणजे घराबाहेर, मोकळ्यावर रेंज मिळावी, एवढाच अर्थ घ्या. चिऱ्याच्या भिंतीआड काय होतं ते नकाशा सांगत नाही.

ते मोजावं लागतं. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, त्यात अबाउट फोन, त्यात सिम स्टेटस असं गेलात की सिग्नल स्ट्रेंग्थ म्हणून उणे चिन्हाचा एक आकडा दिसतो. काही फोनांत वाट थोडी वेगळी असते. काड्यांवर भरवसा ठेवू नका, प्रत्येक फोन आपल्या मर्जीने काड्या दाखवतो. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं. फोर-जीवर उणे 85 असेल तर उत्तम, उणे 105 पर्यंत बोलणं नीट होतं, उणे 115 च्या पलीकडे फोन लागला तरी तुटणार. आणि दहाचा फरक छोटा समजू नका: उणे 100 वरून उणे 110 वर गेलं म्हणजे सिग्नलचा दहावा हिस्साच उरला. हा आकडा ओटीवर, माजघरात, सासरे झोपतात त्या खोलीत आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत, अशा सगळ्या जागी बघा. चिऱ्याच्या जाड भिंतीने ओटी आणि माजघर यांत वीसाचा फरक पडलेला मी पाहिला आहे. पावसात भिंत पाणी प्यायली आणि भोवतीची झाडी ओली झाली की आणखी थोडा पडतो, म्हणून मे महिन्यात पडवीत लागणारा फोन श्रावणात लागत नाही.

चाचणीसाठी नवी कार्डं विकत घ्यायचीही गरज नाही. तुम्ही सगळे चतुर्थीला जमाल तेव्हा घरातच वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन असतील. सगळे एका जागी ठेवून आकडे कागदावर लिहून काढा. मात्र तेव्हा एक गल्लत होते ती टाळा. गणपतीत चाकरमान्यांनी गाव भरतं, एकेका टॉवरवर नेहमीच्या कितीतरी पट फोन येतात, नेट रांगतं, फोन लागत नाहीत. लोक म्हणतात या कंपनीची रेंजच नाही. रेंज असते, गर्दी असते. आकडा उणे 90 आहे आणि तरी फोन लागत नाही, तर विसर्जनानंतर तो लागेल. आकडाच उणे 118 आहे, तर तो बारा महिने तसाच राहणार. सासू-सासरे तिथे राहतात ते बारा महिने, म्हणून निर्णय आकड्यावर घ्या.

आता लाईटचं, आणि हे मला रेंजइतकंच महत्त्वाचं वाटतं. टॉवर विजेवर चालतो. लाईट गेली की बॅटरीवर काही तास निघतात, मग जनरेटर असेल तर डिझेल असेपर्यंत. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कितीतरी गावं अनेक दिवस विजेविना होती आणि मुंबईतल्या लेकांना आईवडील सुखरूप आहेत की नाहीत तेही कळत नव्हतं. जुलै 2021 मध्ये महाड-चिपळूण पुरात गेलं तेव्हा तीच गत. म्हणून रेशन दुकानदाराला दुसरा प्रश्न विचारा: लाईट गेल्यावर कुठला फोन शेवटपर्यंत चालू राहतो?

तुमच्या घरासाठी माझं मत स्पष्ट आहे. एका कंपनीवर विसंबू नका. सासऱ्यांच्या फोनमध्ये दोन कंपन्यांची दोन कार्डं घाला. पण ती दोन्ही एकाच मनोऱ्यावरून येत नाहीत ना, ते बघून घाला. हल्ली एका मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांची यंत्रं असतात. मनोऱ्याची लाईट गेली किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की सगळ्या एकदम जातात आणि दोन कार्डं असून नसल्यासारखी होतात. दूरसंचार खात्याच्या तरंग संचार या संकेतस्थळावर आपल्या आसपासचे टॉवर आणि ते कुठल्या कंपनीचे हे बघता येतं. नाहीतर सड्यावर जाऊन मनोऱ्याखालच्या पाट्या वाचा, तेही चालतं.

सासूबाईंसाठी वेगळा, साधा बटणांचा फोन ठेवा. त्याचं चार्जिंग चार-चार दिवस पुरतं, वादळात हेच कामाला येतं. फक्त लक्षात ठेवा की जुन्या पद्धतीचा बटणांचा फोन टू-जीवर चालतो आणि जिओकडे टू-जी नाहीच, ती कंपनी 2016 मध्ये सुरू झाली तीच फोर-जीवर. त्या फोनमध्ये टू-जी असलेल्या कंपनीचं कार्ड घाला, किंवा फोर-जीवर चालणारा बटणांचा फोन घ्या. सासऱ्यांच्या स्मार्टफोनमध्ये फाइव्ह-जी असेल तर ते बंद करून फोन फोर-जीवर ठेवा. क्षीण रेंजमध्ये फाइव्ह-जी शोधत बसण्यात बॅटरी जाते.

वाडीत केबलवाल्याची किंवा बीएसएनएलची फायबर आली असेल तर तुमचा प्रश्न याहूनही सोपा आहे. घरात वायफाय घ्या, राउटरला छोटा इन्व्हर्टर लावा आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. नेहमीच्याच नंबरवरून, नेहमीसारखा फोन येतो आणि जातो, टॉवरची रेंज शून्य असली तरी. एअरटेल आणि जिओ यांनी ही सोय 2019-20 मध्ये सुरू केली. फोनमध्ये ती आहे का तेवढं बघा. चिऱ्याच्या माजघरात झोपणाऱ्या हृदयविकाराच्या माणसासाठी याच्याइतका खात्रीचा उपाय मला दुसरा दिसत नाही.

आणि दोघांनाही 112 हा आकडा पाठ करून द्या. स्वतःच्या कार्डाची रेंज नसली आणि फोनवर इमर्जन्सी कॉल्स ओन्ली असं आलं, तर त्याचा अर्थ दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीची रेंज तिथे आहे. त्या रेंजवरून 112 लागतो.

कार्ड बदलायचंच ठरलं तर नंबर लगेच पोर्ट करू नका. आधी त्या कंपनीचं नवं प्रीपेड कार्ड घेऊन महिनाभर घरात वापरू द्या. पटलं तर तुम्हाला वेगळं काही शोधायला नको, दुकानदारच सासऱ्यांच्या फोनवरून 1900 ला PORT असा संदेश पाठवून आठ अक्षरांचा कोड काढून देतो. तो आपल्याकडे चार दिवस चालतो. विभाग तोच असेल तर तीन, मुंबईचा नंबर महाराष्ट्र विभागात न्यायचा असेल तर पाच कामाचे दिवस लागतात. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले असावे लागतात. पेन्शनचं बँक खातं त्या नंबरला जोडलेलं असेल, म्हणून पोर्टिंगच्या दिवसांत पैशांची कामं काढू नका.

प्रश्न : आम्ही मुलुंडचे मित्र दर पावसाळ्यानंतर ट्रेकला जातो. यंदा पाचनईहून हरिश्चंद्रगड करून कोकणकड्यावर मुक्काम करायचा विचार आहे. बरोबर नवखी मुलं आहेत. कुठल्या कंपनीचं कार्ड न्यावं? एकजण सॅटेलाइट फोन मागवूया म्हणतोय. (एक ट्रेकर, मुलुंड)

उत्तर : दादा, सॅटेलाइट फोनचा विचार सोडा. दूरसंचार खात्याच्या परवानगीवाचून तो बाळगणं आपल्या देशात बेकायदा आहे, उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रंही त्यातच येतात. परदेशी प्रवासी त्यापायी विमानतळावर अडकले आहेत.

गटात निदान दोन, जमलं तर तीन कंपन्यांची कार्डं असू द्या. सगळ्यांचं एकच कार्ड असणं हीच खरी जोखीम. बाकी डोंगरात कंपनीपेक्षा तुम्ही कुठे उभे आहात याला महत्त्व आहे. ओढ्यात, दरीत, नळीत काही मिळत नाही. कड्यावर आलात की खाली कोकणातले लांबचे टॉवर समोर उघडे पडतात आणि अचानक रेंज येते. पण तिथे फोनला एकाच वेळी पुष्कळ टॉवर जवळपास सारखेच ऐकू येतात, तो याच्यावरून त्याच्यावर उड्या मारत राहतो आणि बोलणं तुटतं. अशा वेळी एका जागी उभं राहा, फोन कानाला लावून फेऱ्या मारू नका. फोन लागलाच नाही तर एसएमएस करा. त्याला क्षणभराची रेंज पुरते. संदेशात जागेचे अक्षांश-रेखांश लिहा. जीपीएसला मोबाईलची रेंज लागत नाही, नकाशा मात्र मुंबईतच उतरवून घ्या.

चालताना सगळ्यांनी फोन एरोप्लेन मोडवर ठेवावेत. रेंज नसलेल्या जागी फोन टॉवर शोधत राहतो आणि दुपारपर्यंत बॅटरी संपवतो. एकाचा फोन चालू, बाकीचे बंद, पॉवर बँक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. आणि पाचनईत ज्यांच्या घरी जेवाल त्यांना कुठल्या वाटेने जाणार आणि उद्या किती वाजेपर्यंत उतरणार हे सांगून जा. तुम्ही वेळेत उतरला नाहीत तर पहिली हालचाल तेच करतात. गावातली माणसं आणि सह्याद्रीतल्या गिर्यारोहक संस्थांची बचाव पथकं यांनी किती जणांना वर आणलं आहे ते मी जवळून पाहिलं आहे. त्यांना वेळ आणि वाट माहीत असली तर शोधाचे कितीतरी तास वाचतात.

प्रश्न : माझे मालक वर्सोव्याहून बोटीवर जातात. किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की फोन लागत नाही. दुसऱ्या बोटीवरचे म्हणतात त्यांचं कार्ड लांबपर्यंत चालतं. खरं असतं का? (एक वाचक, वर्सोवा)

उत्तर : ताई, खरं असतं, पण एका मर्यादेपर्यंत. समुद्रावर अडथळा नाही, त्यामुळे लहरी जमिनीपेक्षा लांब जातात. पण टू-जीच्या रचनेतच नेहमीच्या टॉवरची कमाल हद्द 35 किलोमीटरची आहे, म्हणजे सुमारे 19 सागरी मैल. सिग्नल कितीही जोरदार असला तरी फोनचा आवाज टॉवरपर्यंत ठरल्या वेळेत पोचत नाही म्हणून बोलणं होत नाही. फोर-जीला ही अट सैल आहे, पण तिथे फोनची ताकद कमी पडते. मुंबईत आणखी एक अडचण असते. इथले अँटेना दाट वस्तीसाठी लावलेले असतात, खाली झुकवलेले आणि इमारतींकडे वळवलेले. त्यामुळे वर्सोव्यासमोर जेवढी रेंज मिळते त्याहून जास्त ती रत्नागिरीकडच्या एखाद्या डोंगरावरच्या टॉवरची समुद्रात मिळू शकते.

तुमच्या बंदरात ज्यांचा फोन लांबवर लागतो त्यांचं कार्ड घ्या, दोन कंपन्यांची ठेवा, केबिनच्या टपावर उभं राहून बोलायला सांगा. याने थोडे मैल वाढतील. पण मासळीचा भाव विचारायला मोबाईल ठीक आहे, जिवासाठी त्याच्यावर राहू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ संच असू द्या आणि तो चॅनेल 16 वर चालू असू द्या. आजूबाजूच्या बोटींना आणि तटरक्षक दलाला ऐकू जाते ती हीच हाक. इस्रोने विकसित केलेला ट्रान्सपाँडर सरकार मच्छीमार नौकांना मोफत देतं. एक लाख नौकांसाठीची ही योजना 30 ऑगस्ट 2024 ला आपल्या पालघरमध्येच सुरू झाली. त्याला मोबाईलच्या टॉवरची गरज नाही, तो उपग्रहावरून बोलतो. फोन ब्लूटूथने जोडला की मालकांना वादळाचा इशारा मिळतो आणि संकटात संदेशही पाठवता येतो. तुमच्या बोटीवर तो बसला नसेल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना कार्यालयात आणि तुमच्या सोसायटीत विचारा. पावसाळी बंदीत बोटी ओढून ठेवलेल्या असतात तेव्हाच हे काम उरकून घ्या, नारळी पौर्णिमेनंतर कुणालाच वेळ नसतो. आणि घरात, फोनजवळ, 1554 हा आकडा लिहून ठेवा. तटरक्षक दलाचा हा शोध आणि बचावाचा नंबर आहे. बोट वेळेत परतली नाही तर किनाऱ्यावर वाट बघत बसू नका, लगेच त्यावर कळवा.

प्रश्न : गावच्या घरासाठी एक वेगळं कार्ड ठेवलं आहे, कारण तिथे तेवढंच चालतं. वर्षातून दोनदा जातो. प्रत्येक वेळी बघावं तर कार्ड बंद. महिन्याला रिचार्ज मारत बसू का? (एक ज्येष्ठ वाचक, बोरिवली)

उत्तर : काका, महिन्याला नको. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं की ज्यांना नेट नको त्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक द्यावेतच, आणि अशा पॅकची मुदत 365 दिवसांपर्यंत ठेवता येते. तुमच्या कंपनीचा वर्षाचा किंवा लांब मुदतीचा असा पॅक मागा. दुकानदार नेटवाला पॅक पुढे करेल, पण तुम्ही बोलण्याचाच मागा.

दुसरं, प्रीपेड कार्डावरून सलग 90 दिवस काहीच झालं नाही, ना फोन, ना एसएमएस, ना नेट, तर कंपनी ते बंद करू शकते. खात्यात 20 रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी 30 दिवस मिळतात. तेव्हा ते कार्ड कपाटात ठेवू नका. बोरिवलीतल्या फोनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून ठेवा आणि दर महिन्याला पेन्शन आली की त्या नंबरवरून घरातल्या कुणाला तरी एक फोन करा.